गावाचा आराखडा गावाच्याच नोंदींवर उभा राहावा

महोदय,

‘आमचा गाव, आमचा विकास’ या कार्यक्रमाखाली राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायती दरवर्षी विकास आराखडा करतात. त्याच्या पहिल्या काही पानांवर गावाची माहिती असते. लोकसंख्या बहुधा २०११ च्या जनगणनेतून उतरवलेली असते, कामकऱ्यांची विभागणीही तिथूनच आलेली असते आणि उत्पन्नाचा रकाना असलाच तर तो जिल्ह्याच्या सरासरीने भरलेला असतो. मग लगेच रस्ते, गटारे, सभामंडप यांची यादी सुरू होते. गावात पैसा कोणत्या वाटेने येतो, कोणत्या महिन्यात येतो आणि कुठे निघून जातो, याचा पत्ता त्या आराखड्यातून लागत नाही. हा पत्ता लावण्यासाठी बरेचसे आकडे नव्याने गोळा करण्याची गरज नाही. ते तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या कपाटात, दूध संस्थेत, पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीत आणि बाजारभावाच्या संकेतस्थळांवर आजही आहेत. मात्र ते एका कागदावर येत नाहीत आणि आलेच तर अनेकदा चुकीचे वाचले जातात. म्हणून हे पत्र.

आधी जिल्ह्याच्या सरासरीबद्दल. जिल्हा उत्पन्न काढताना उत्पादन जिथे झाले तिथे ते मोजले जाते आणि अनेक बाबतींत राज्याचा आकडा काही निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांना वाटून दिला जातो. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचे मूल्य त्या जिल्ह्याच्या नावावर जमा होते, मग त्याचा नफा कुठल्याही शहरात जावो. उलट रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या घरांत मुंबईहून येणारा पैसा त्या जिल्ह्याच्या उत्पन्नात दिसत नाही, कारण तो तिथे निर्माण झालेला नसतो. त्यामुळे हा आकडा घरातल्या हाती असलेल्या पैशाचा नव्हे. कौटुंबिक खर्चाची पाहणी त्याला पूरक आहे. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरी भारताचा ६,९९६. पण या पाहणीत देशभरची मिळून ग्रामीण घरे सुमारे दीड लाख होती आणि देशात गावे सहा लाखांहून अधिक आहेत. राज्याचे चित्र त्यातून नीट दिसते, तालुक्याचे दिसत नाही. तालुक्यासाठी ते वापरणे म्हणजे राज्याच्या पावसाच्या सरासरीवरून एका शेतातली ओल सांगणे.

गावाचे आकडे जुळवताना पहिली ठेच नावाला लागते. पिंपळगाव नावाची गावे किती आहेत ते मोजत बसू नये. बुद्रुक आणि खुर्द कुठे पूर्ण लिहिलेले असते, कुठे ‘बु.’ आणि ‘खु.’, तर इंग्रजी तक्त्यांत एकाच गावाची तीन स्पेलिंगे असतात. जिल्ह्यांची नावेही बदलली. जुन्या तक्त्यात उस्मानाबाद आणि अहमदनगर, नव्यात धाराशिव आणि अहिल्यानगर. संगणकावर दोन तक्ते नावाने जोडले की अशा ओळी मुकाट गळून पडतात आणि बेरीज कमी आली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जोडणी नेहमी संकेतांकाने करावी. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे आणि केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक महसुली गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र क्रमांक आहे. हे क्रमांक एका कोऱ्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यांत लिहून ठेवावेत आणि पुढची प्रत्येक नोंद त्यांनाच बांधावी.

क्रमांक जुळले तरी हद्द जुळेलच असे नाही. जनगणना आणि सातबारा महसुली गावाचा असतो. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावे असतात. पावसाची नोंद महसूल मंडळाची असते, म्हणजे अनेक गावांची मिळून एक. सोसायटीचे कार्यक्षेत्र आणखी वेगळे. कोणता आकडा कोणत्या हद्दीचा, हे रकान्याच्या डोक्यावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. हद्दी काळानुसार बदलतात ते वेगळेच. ठाणे जिल्ह्यातून पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. २०११ चे ठाणे आणि आजचे ठाणे शेजारी मांडले की आदिवासी लोकसंख्या, भातशेती आणि मासेमारी एकदम घटल्याचा भास होतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे गेली. शहरालगतची, बिगरशेती कमाईची गावे अशी बाहेर पडली की उरलेल्या ग्रामीण तालुक्याची सरासरी खाली येते, आणि त्यात गरीब कुणीच झालेले नसते.

आता जमीन. सातबारावरचे क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, गावात बोलणे एकर-गुंठ्यांत चालते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा सुमारे १०१, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणून ०.८० हेक्टर म्हणजे ८० आर, जवळपास दोन एकर. हे ०.८० एकर म्हणून उतरवले गेलेले तक्ते सर्रास सापडतात. पण त्याहून मोठी चूक खातेदार मोजण्यात होते. एका गटाच्या, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याच्या, सातबारावर भावंडांची, बहिणींची, काका-पुतण्यांची मिळून नऊ नावे असली आणि प्रत्येक नावापुढे पूर्ण गटाचे क्षेत्र धरले, तर दोन हेक्टरांचे अठरा हेक्टर होतात. उलट गावातला प्रत्यक्ष शेतकरी मोजायचा म्हणून केवळ नावे मोजली, तर मुंबईत राहणारा भाऊही शेतकरी ठरतो. त्यासाठी आठ-अ घ्यावा. त्यात एका खात्याची गावातली सगळी जमीन एकत्र असते. तरी एकाच माणसाची वैयक्तिक आणि सामायिक अशी दोन-तीन खाती असतात, ती हाताने जुळवावी लागतात. गावात तीनशे खाती असतील तर दोन जाणकार माणसांनी दोन दिवस बसावे, काम होते. मग बेरीज करून गावाच्या एकूण लागवडीयोग्य क्षेत्राशी ताडून पाहावी. ती जास्त आली तर सामायिक खाती दोनदा धरली गेली आहेत. कमी आली तर बाहेरगावच्या खातेदारांचे कागद राहिले आहेत.

अशा कामाची परंपरा आपल्याच मातीतली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. जुनी दप्तरे लावून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. हाताशी कागद होते आणि गावात जाऊन विचारण्याची तयारी होती, एवढ्यावर ते झाले. महाराष्ट्राची सरासरी धारणा कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४. आपल्या गावाचा आकडा याच्या वर आहे की खाली, हे किती सरपंचांना सांगता येईल?

पिकांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. शेतकरी स्वतः बांधावरून फोटोसह नोंद करतो, त्यामुळे माहिती जागेवरची असते. तरी तिला तीन ठिकाणी तपासावे. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर क्षेत्राची वाटणी अंदाजाने होते. वाट्याने कसणाऱ्याचे नाव कुठेच नसते, म्हणून पीक दिसते आणि कसणारा दिसत नाही. तिसरी गोष्ट सगळ्याच नोंदींना लागू आहे. ज्या आकड्यावर अनुदान, विमा किंवा खरेदीचा कोटा अवलंबून असतो, तो आकडा त्या बाजूला झुकतो. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही, झुकाव कोणत्या दिशेला आहे ते कळले म्हणजे झाले. उपग्रहचित्रांनी त्याचा ताळा घेता येतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे दहा मीटर तपशिलाची आणि मोफत आहेत. पण खरिपात ऐन मोक्याला ढग असतात आणि अर्धा एकराच्या तुकड्यात शेजारच्या पिकाचा रंग मिसळतो. ऊस, द्राक्ष आणि रब्बीच्या बागायतीसाठी ती चांगली, डोंगरउतारावरच्या नाचणी-वरईसाठी नाहीत.

बाजारभावाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात आवक क्विंटलमध्ये आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असे तीन भाव असतात. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो. तो किमान आणि कमाल दरांचा मध्य नव्हे. समजा एका दिवशी मोठ्या बाजारात १२,००० क्विंटल कांदा आला, सर्वसाधारण दर १,४०० रुपये. छोट्या बाजारात ३०० क्विंटल आला, दर २,२००. दोन्ही दरांची नुसती सरासरी काढली तर १,८०० येते आणि ‘जिल्ह्यात कांदा अठराशेवर’ अशी ओळ तयार होते. आवकेने गुणून बेरीज केली तर १ कोटी ७४ लाख ६० हजार रुपये होतात. त्याला १२,३०० ने भागले की दर पडतो सुमारे १,४२०. क्विंटलमागे ३८० रुपयांचा फरक केवळ हिशेबाच्या पद्धतीने पडला. शिवाय लाल आणि उन्हाळी कांदा एकाच रकान्यात घातला तर हंगाम बदलतो त्या आठवड्यांत भाव उसळल्याचा किंवा कोसळल्याचा खोटा देखावा तयार होतो. सण, संप, अमावास्या अशा दिवशी बाजार बंद असू शकतो. तिथे शून्य भरायचे नाही, जागा रिकामी सोडायची. शून्य भरले की महिन्याची सरासरी खोटी ठरते.

आणि आवक ही उत्पादनाची नोंद नव्हे. लासलगावला आलेला कांदा लासलगावात पिकलेला असतोच असे नाही, आणि शिवारातून थेट व्यापाऱ्याने उचललेला माल तिथे दिसतच नाही. गावाचे उत्पन्न काढायचे तर शेतकऱ्याच्या हातातली हिशेबपट्टी बघावी. वजन, दर आणि कापून घेतलेले खर्च तिच्यावर असतात. गावातल्या पंचवीस-तीस घरांच्या हंगामभराच्या पट्ट्या एकत्र केल्या, तर पत्रकातला दर आणि हातात पडलेला दर यांतले अंतर रुपयांत कळते. वाहतुकीचा खर्च मात्र पट्टीवर असतोच असे नाही, नसेल तर तो विचारून लिहावा.

दुधाचा हिशेब सर्वांत स्वच्छ असतो. संस्थेकडे रोजचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची नोंद असते आणि बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी निघते. वर्षात छत्तीस बिले. ती महिन्यांत मांडली की गावात उन्हाळ्यात दूध किती आटते आणि चारा विकत घेण्याची वेळ कधी येते, ते डोळ्यांसमोर उभे राहते. शेजारगावचे सभासद वेगळे काढावेत. घरी प्यायलेले आणि रतीबाला घातलेले दूध यात नाही, हेही लिहून ठेवावे.

सोसायटीची वसुली वाचताना मार्च महिन्याकडे सावधपणे पाहावे. मुदतीत फेड केली तर व्याजात सवलत मिळते, म्हणून ३१ मार्चपूर्वी खाते भरून पुन्हा तेवढेच कर्ज उचलण्याची, म्हणजे नवे-जुने करण्याची, पद्धत आहे. भरण्यासाठीची रक्कम काही दिवसांपुरती हातउसनी किंवा व्याजाने घेतलेली असू शकते. वसुलीचा टक्का त्यामुळे उत्तम दिसतो आणि कर्ज जिथल्या तिथे राहते. एप्रिल-मेमध्ये त्याच खात्यावर किती रक्कम पुन्हा उचलली गेली, ते शेजारी लिहिल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही. बँकांच्या बाबतीत ठेवींमागे कर्ज किती, हे प्रमाण जिल्हा अग्रणी बँकेकडे मिळते. ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी ६० टक्के हे अपेक्षित मानले जाते, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेलेल्या जिल्ह्यांसाठी विशेष उपसमिती नेमण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. गावची बचत गावाबाहेर किती जाते, याचा हा चांगला अंदाज आहे. पण पतसंस्था, बचत गटांतले आपसातले कर्ज आणि खासगी सावकारी यात धरलेली नसते.

ज्या आकड्यांचा अर्थ हमखास उलटा लावला जातो, त्यांतला एक रोजगार हमीचा. मनुष्यदिवस, म्हणजे मिळालेल्या कामाचे एकूण दिवस, कमी म्हणजे गरज कमी, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात काम मंजूर नसेल तर मागणी नोंदवलीच जात नाही, मजुरी उशिरा आली की पुढच्या खेपेला मजूर फिरकत नाही. जुन्या वर्षांचे आकडे वाचताना त्यांना कामाच्या पुरवठ्याचा आकडा समजावे. तसेच विजेचे. शेतीपंपाला मीटर नसेल तर बिल अश्वशक्तीवर लागते आणि वापराचा आकडा अंदाजी असतो. त्यावरून सिंचन काढू नये. रात्रीच्या प्रकाशाच्या उपग्रहचित्रांवरून विकास मोजण्याची सध्या हौस आहे. त्यांचा एक ठिपका सुमारे अर्ध्या किलोमीटरचा असतो, चित्र मध्यरात्रीनंतर घेतलेले असते आणि एलईडीचा निळसर प्रकाश त्या उपकरणाला कमी दिसतो. जुने पिवळे दिवे काढून गावाने एलईडी लावले तर चित्रात गाव अंधारते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कारण तिला मुदत आहे. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली होती आणि या वेळीही ती फेब्रुवारीतच आहे. साखर कारखान्यांचे गाळप तेव्हा चालू असते. जनगणनेचा नियम असा की गणनेच्या संपूर्ण काळात जो माणूस घरापासून दूर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. म्हणजे बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतल्या गावांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडावर मोजली जातात, किंवा टोळी त्या दिवसांत दुसऱ्या गावच्या फडाकडे निघाली असेल तर निसटतात. गावातली लोकसंख्या कमी दिसते आणि लोकसंख्येवर ठरणारा निधी, पाणीपुरवठ्याची मागणी, शाळेची खोली या सगळ्यांवर पुढची दहा वर्षे त्याची सावली पडते. ग्रामपंचायतीने त्याच फेब्रुवारीत बंद घरांची स्वतःची यादी करावी. कुटुंबात माणसे किती, मुले किती सोबत गेली, कधी गेले, कोणत्या तालुक्यात गेले आणि परत कधी येणार, एवढे पाच रकाने पुरे. यादी ग्रामसभेत वाचून ठरावासह ठेवावी. जनगणनेचा आकडा त्याने बदलणार नाही, पण आराखड्यात दोन्ही आकडे शेजारी छापता येतील.

जनगणनेतल्या कामकऱ्यांबद्दलही एक सूचना. सहा महिने किंवा अधिक काम केलेला तो मुख्य कामकरी, त्याहून कमी तो सीमांतिक. उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो, आणि निंदणी, खुरपणी, काढणी, जनावरांचे शेण-पाणी करणाऱ्या बाईच्या नावापुढे ‘घरकाम’ लागते. प्रगणकाला महिन्यामहिन्याने विचारावे लागते: आषाढात शेतात जाता का, दिवाळीनंतर कोणते काम, जनावरे कोण बघते. असे विचारले की उत्तर बदलते.

या सगळ्या नोंदींत न सापडणारी माहिती, उदाहरणार्थ बाहेरून येणारे पैसे, औषधोपचाराचा खर्च, सावकारी कर्ज, यासाठी छोटी पाहणी करावी लागते. यादी म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, हाताशी असतो, पण त्यात मालमत्ता असतात, कुटुंबे नव्हेत. एका घरात तीन चुली असतात, एका कुटुंबाची दोन घरे असतात, आणि गायरानावरची वस्ती किंवा दूरचा तांडा यादीत नसतोच. आधी चुलीनुसार यादी दुरुस्त करावी. चारशे कुटुंबे असतील तर एक ते आठमधली एक चिठ्ठी काढावी, समजा पाच निघाली, मग पाचवे, तेरावे, एकविसावे असे दर आठवे घर घ्यावे. पन्नास घरे मिळतात. घर बंद असेल तर शेजारचे घेऊ नये, पुन्हा जावे. बंद घरे बहुधा मजुरांचीच असतात आणि ती वगळली की गाव आहे त्याहून श्रीमंत दिसते. पन्नासपैकी वीस घरांवर सावकारी कर्ज निघाले, तर गावाचा टक्का चाळीस असे ठामपणे म्हणू नये. खरा आकडा साधारण २७ ते ५३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. शंभर घरे घेतली तर ही मर्यादा ३२ ते ४८ होते. दोन वाड्यांची तुलना करायची असेल तर पन्नास घरे कमी पडतात. खर्च विचारताना भाजीपाला-दुधासाठी गेले सात दिवस, किराण्यासाठी गेला महिना, कपडे, लग्नकार्य आणि दवाखान्यातली भरती यांसाठी गेले वर्ष. वर्षभराचा किराणा विचारला की लोक अंदाज सांगतात. आणि नावे तक्त्यात कधीही छापू नयेत. कुणावर किती कर्ज आहे हे चावडीवर कळले, तर पुढच्या वेळी खरे कुणी सांगणार नाही.

हे सगळे मिळून कागद एवढाच होतो: उभे बारा महिने, आडवे पैशाचे मार्ग. पिकाच्या पट्ट्या, दूध, उसाचे बिल, मजुरी, नोकरी-पेन्शन, बाहेरून आलेले पैसे हे एका भागात. बियाणे-खते, चारा, कर्जफेड, शिक्षण, दवाखाना दुसऱ्या भागात. उसाचे पैसे तुटल्यापासून चौदा दिवसांत मिळावेत असा नियम आहे. गावात ते प्रत्यक्ष कोणत्या महिन्यात आले, हे या कागदावर लगेच दिसते. जून-जुलैच्या रकान्यात जमा कोरी आणि खर्च भरलेला दिसला, तर त्या गावाला सभामंडपाआधी खेळत्या भांडवलाची सोय हवी आहे.

सरकारकडे मागणी छोटी आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. त्यातल्या तालुकानिहाय तक्त्यांच्या मागे असलेली गावनिहाय माहिती संकेतांकासह, संगणकावर थेट उघडता येईल अशा तक्त्यात द्यावी. छापील पानाचे छायाचित्र नको. ई-पीक पाहणीची गावनिहाय बेरीज, नावे वगळून, हंगाम संपल्यावर महिन्याभरात ग्रामपंचायतीकडे जावी. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी हा बारा महिन्यांचा कागद फलकावर लावणे आराखड्याची पूर्वअट करावी, म्हणजे ज्याला आकडा चुकीचा वाटतो त्याला सभेत उभे राहून तो दुरुस्त करून घेता येईल.

आपले,
ग्रामीण आकडेवारीचे काम करणारे काही वाचक